काठ फुटलेली चकती

४ तारीख, मंगळवार

ही म्हणाली, "माझ्याशी बोलायचं नसेल तर वहीशी बोला. पण कुणाशी तरी बोला." म्हणून ही वही. दफ्तरखान्यात एकतीस वर्षं नोंदी ठेवतो आहे, पण त्या दुसऱ्यांच्या कागदांच्या. स्वतःबद्दल काय लिहायचं ते ठाऊक नाही.

चिरंजीवाला जाऊन आज बहात्तर दिवस झाले. "चिरंजीव" लिहिलं आणि पेन थांबलं. त्याच्याबद्दल लिहिताना आजवर हाच शब्द वापरला. दुसरा सुचत नाही. राहू दे.

अपघातानंतर त्याच्या भाड्याच्या खोलीवरून तीन खोकी आली. त्यातल्या सगळ्या वस्तूंची यादी मी पहिल्याच आठवड्यात केली. एक वस्तू मिळाली नाही: राखाडी स्वेटर, हिने विणलेला. बाकी सगळं लोखंडी कपाटात नीट ठेवलं आहे. कपडे, पुस्तकं आणि त्याच्या त्या चिनी चहाच्या चार चकत्या. चकती म्हणजे बशीएवढी, दोन बोटं जाड, विटेसारखी घट्ट दाबलेली चहाची पानं. प्रत्येक चकती प्लास्टिकमध्ये गुंडाळली, घरातल्या सगळ्या कपड्यांत कायम ठेवतो तशा प्रत्येक कप्प्यात चार डांबरगोळ्या ठेवल्या, कपाट बंद केलं. त्याच्या कशालाच कसर लागणार नाही.

आज हिने सांगितलं की त्या मुलीचा, चिरंजीव जिला एकदा घरी घेऊन आला होता तिचा, फोन आला होता. २३ तारखेला, रविवारी, चार वाजता येणार आहे. महिनाअखेर ती दुसऱ्या शहरात नोकरीला जाते आहे. त्या चार चकत्यांपैकी एक तिची आहे म्हणे, ती न्यायची आहे.

मी म्हणालो, "एवढ्यासाठी येते?"

"एवढ्यासाठी आली आणि एवढंच घेऊन गेली, तर परत कधी येणार नाही," ही म्हणाली. "त्याची शेवटची दीड वर्षं तिच्याकडे आहेत. मला ती ऐकायची आहेत. या वेळी तरी तोंड उघडा."

मी म्हणालो, त्या वेळीसुद्धा मी तिला काही वाईट बोललो नव्हतो.

"काहीच बोलला नव्हतात," ही म्हणाली, आणि गॅलरीत जाऊन फोन लावत बसली.

५ तारीख, बुधवार

चकत्या बाहेर काढून पाहिल्या. एक अर्धी वापरलेली. दोन चकत्यांच्या वेष्टनावर नुसतं वर्ष. चौथीवर पेन्सिलने त्याचं अक्षर: "तिची. २३ ला फोडू." या चकतीचा काठ एका बाजूला फुटला आहे, कुणी पाडल्यासारखा. २३ ला तिचा वाढदिवस असतो. हे हिला माहीत होतं. कसं, ते विचारलं नाही.

हिचं म्हणणं, त्या दिवशी चहा मी करायचा. "त्याच्या पद्धतीने. माझे हात थरथरतात." त्याची पद्धत मला माहीत नाही. तो इथे असताना खोलीचं दार लावून करायचा, कारण एकदा मी म्हणालो होतो की चहाला इतका वेळ लागत नाही.

आज अर्ध्या चकतीवर प्रयोग केला. कागद कापायची सुरी लावून वरून हातोडी मारली. निम्मा भुगा झाला. पातेल्यात पाच मिनिटं उकळला. शाईसारखा काळा झाला. मला गरम लागला, बाकी काही नाही. हिने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"अहो, कपाट उकळलंत का?"

८ तारीख, शनिवार

बाजारामागच्या गल्लीत असा चहा विकणारं दुकान आहे, चिरंजीवाच्या पिशवीवर पत्ता होता. अरुंद दुकान, भिंतीला लाकडी फळ्या, फळ्यांवर उघड्यावर चकत्या. दुकान एक वयस्कर बाई चालवतात. मी म्हणालो, मला काही येत नाही, दोन आठवड्यांत शिकायचं आहे.

"कुणी परीक्षा घेणार आहे का?" बाई म्हणाल्या.

मी म्हणालो, हो.

त्यांनी मग सगळं सांगितलं. मी लिहून घेतलं. हा चहा आंबवलेला असतो. एक कच्चा, जो वर्षानुवर्षं आपोआप मुरतो. दुसरा पक्का, ज्याच्या पानांचा ढीग लावून, ओलावून, झाकून मुद्दाम मुरवतात. नवशिक्याने पक्क्यापासून सुरुवात करावी. फोडायचा तो ठोकून नाही. कडेने टोचा घालून, पापुद्रे सुटतील तसे. सात-आठ ग्रॅम घ्यायचा. झाकणाच्या छोट्या वाडग्यात घालायचा, खळखळतं पाणी ओतायचं आणि ते पहिलं पाणी लगेच फेकून द्यायचं.

"फेकायचं?"

"पानं धुतली जातात, जागी होतात. दुसरं पाणी दहा अंक मोजून गाळायचं. मग पंधरा, मग वीस. त्याच पानांचे आठ-दहा चहा होतात. घाई असलेल्या माणसाचं हे काम नाही."

त्यांनी करून दिला. "लगेच गिळू नका. टाळूवर धरा. काय लागलं?"

"गरम," मी म्हणालो.

त्या हसल्या. दुसरा दिला, तिसरा दिला. प्रत्येक वेळी गरम. शेवटी त्या म्हणाल्या, "सर्दी आहे का?" मी हो म्हणालो. सर्दी नाही. माझी वरची पूर्ण कवळी आहे, तिने टाळू झाकलेला असतो.

ही गोष्ट हिला आणि माझ्या दंतवैद्याला माहीत होती. आणि तिसरी त्या मुलीला. ती दातांच्या कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पावणेदोन वर्षांपूर्वी चिरंजीव तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला, तेव्हा बसल्या बसल्या पाच मिनिटांत म्हणाली, "काका, वरची कवळी सैल आहे ना तुमची? कट्‌कट् वाजते. मी मस्त करून देईन." आणि मोठ्याने हसली. चिरंजीवही हसला. त्याला तोवर माहीत नव्हतं.

मी वर्तमानपत्र उघडलं. ती दीड तास होती. मी एक शब्द बोललो नाही. जाताना "येते हं काका" म्हणाली, तेव्हा पान उलटलं. पुढच्या महिन्यात त्याने खोली घेतली. कारण त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याला शेवटचा निरोप दिला त्या दिवशी ती बाहेर फाटकाशी उभी होती. मी पाहिलं. मान खाली घालून आत गेलो.

९ तारीख, रविवार

ही बहिणीकडे गेली होती. स्वयंपाकघराचं दार लावलं, कवळी काढून पाण्यात ठेवली आणि बाईंनी दिलेल्या पुडीतला पक्का चहा त्यांच्या कृतीने केला. पहिलं पाणी फेकलं. दहा अंक मोजले.

चव आली.

कशी ते सांगणं कठीण. दफ्तरखान्यातले जुने गठ्ठे वर्षातून एकदा उन्हात सोडून ठेवायचो, ते संध्याकाळी आत घेताना जो वास यायचा, तसा. मग मागून थोडं गोड. तिसऱ्या पाण्याला आणखी गोड. सहा वेळा केला. चिरंजीव दार लावून हे करत होता तर.

मग त्याच्या अर्ध्या चकतीचा चहा त्याच रीतीने केला. पहिलं पाणी फेकण्याआधीच वास आला. डांबरगोळी. जिभेला लावला आणि थुंकला.

कपाट उघडून चारही चकत्या एकेक करून नाकाशी धरल्या. चारही. तिचीसुद्धा.

१० तारीख, सोमवार

कचेरीतून अर्धा दिवस सुटी घेऊन अर्धी चकती दुकानात नेली. बाईंनी प्लास्टिक सोडलं आणि हात लांब केला.

"कुठे ठेवली होती?"

सांगितलं.

"अहो, चहा आहे हा, फाईल नाही! याला हवा लागते. आणि जो वास शेजारी असेल तो हा ओढून घेतो. म्हणून मी दुकानात उदबत्तीसुद्धा लावत नाही. तुम्ही याला कोंडून वर विष शेजारी ठेवलंत. पिऊ नका हं हा, कुणाला पाजूही नका."

"वास किती दिवसांत जाईल?"

"दिवसांत?" त्या म्हणाल्या. "तुमच्या-माझ्या हयातीत गेला तर कळवा."

परत येताना दोन थांबे पुढे गेलो, मग चालत मागे आलो.

१३ तारीख, गुरुवार

तीन दिवस तिची चकती माळ्याच्या खिडकीत उघडी ठेवतो आहे. फरक नाही. आज कोरड्या तांदळात पुरून पाहिली. तांदूळ फेकावे लागले.

हिने विचारलं, "माळ्याची खिडकी उघडी का?"

"कोंदट वाटतं," मी म्हणालो. तेहतीस वर्षांत हिच्याशी फारसं बोललो नसेन, पण खोटं बोललो नव्हतो.

"ती आली की तुम्ही काय बोलणार आहात?" हिने विचारलं. "निदान ठरवून ठेवा. दोन वाक्यं."

मी म्हणालो, ठरवतो. ही माझ्याकडे बघत राहिली. हिला वाटतं आहे की ही मुलगी आली, बसली, चहा प्याली की सगळं ओळीत लागेल. आणि मी तिच्या हातात काय देणार आहे, हे हिला माहीत नाही.

१७ तारीख, सोमवार

ठरवलं. नवीन चकती आणायची.

बाईंना म्हणालो, पक्क्याची एक चकती हवी, पण मी निवडतो. त्यांनी पाच समोर मांडल्या. शिकवलं होतं त्याप्रमाणे वेष्टनाकडे आणि त्यावरच्या वर्षाकडे पाहिलं नाही. वर्ष कुणीही छापू शकतं. आधी कोरडा वास घेतला. एकीला मासळीसारखा वास होता, म्हणजे अजून मुरायची आहे. एकीच्या पोटात पांढरट बुरशी. एक इतकी काळी आणि गुळगुळीत की पानंच दिसेनात. उरलेल्या दोन्हींचा चहा करून मागितला. नाइलाज होता. पाठ फिरवून कवळी रुमालात घेतली आणि प्यालो. दुसरी घेतली.

"जमायला लागलं की," बाई म्हणाल्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नसावं. "कुणासाठी?"

"मुलाच्या..." म्हणालो, आणि पुढे शब्द लागला नाही.

२० तारीख, गुरुवार

काम झालं. तिच्या चकतीवरचं वेष्टन सोडवलं. पातळ कागद, खालच्या खळग्यात पीळ देऊन खोचलेला. दोन दिवस गॅलरीत वाळवल्यावर कागदाचा वास बराच कमी झाला. त्यात नवीन चकती ठेवली. पीळ देता येईना, म्हणून चारी बाजूंनी सरळ घड्या घालून नीट बसवला. पेन्सिलची अक्षरं वर आली. आकार तोच, रंग तोच. उलट या चकतीचा काठ अखंड आहे, जुनीपेक्षा चांगलीच दिसते.

बारा वर्षांपूर्वी एक माणूस एका जुन्या कागदावरची तारीख बदलून मागायला आला होता. रडला होता. मी शिपायाला बोलावून त्याला बाहेर काढलं होतं. आज दिवसभर त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आहे.

पण खराब झालेली वस्तू तिच्या हातात ठेवून "मी तुझी वस्तू घालवली" हे म्हणायचं, तेही तिला? जमणार नाही. तिला चांगला चहा मिळतो आहे. यात तिचं नुकसान काय?

जुनी चकती परत कपाटात ठेवली.

२२ तारीख, शनिवार

हिने घर दोनदा पुसलं. मी वाडगा, गाळणं, तीन छोटे कप मांडून रंगीत तालीम केली. ही म्हणाली, "लग्नाच्या वेळी इतके घाबरला नव्हतात."

दोन वाक्यं ठरवली आहेत. "प्रवास नीट कर." आणि "नोकरी चांगली आहे ना?"

२३ तारीख, रविवार

सगळं क्रमाने लिहितो.

ती चार वाजून दहा मिनिटांनी आली. वाळली आहे. अंगात राखाडी स्वेटर होता, तिला फार मोठा, बाह्या दुमडलेल्या. यादीतला. हिने तिला जवळ घेतलं आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. एकमेकींना बऱ्याचदा भेटलेल्या असाव्यात तशा. मी पाणी उकळायला ठेवलं.

बसल्यावर ठरलेली दोन्ही वाक्यं बोललो. तिने "हो काका", "चांगली आहे काका" म्हटलं. वाक्यं संपली. पाणी अजून उकळत नव्हतं.

मी चकती आणून तिच्यासमोर ठेवली. पेन्सिलच्या अक्षरांवर तिने बोट ठेवलं. मग चकती पालथी केली.

"ही घडी त्याने घातलेली नाही," ती म्हणाली.

"मी बघायला उघडली होती," मी म्हणालो. हे खरंच होतं.

तिने घड्या सोडल्या. अंगठा काठावरून फिरवायला लागली. सावकाश, पूर्ण गोल. एकदा फिरवून झालं, पुन्हा फिरवला. ही माझ्याकडे पाहत होती. पाणी खळखळायला लागलं.

"काका, हिचा काठ?"

मी उठून गॅस बंद केला.

"काठ फुटला होता हिचा. माझ्यासमोर फुटला. खोलीच्या जिन्यावर त्याच्या हातून पडली, आम्ही पाकिटात भुगा गोळा केला." तिने चकती टेबलावर ठेवली. "ही ती नाही."

हातात वर्तमानपत्र असतं तर मी उघडलं असतं. तिने पर्स खांद्याला लावली. "ठीक आहे काका. असू दे. निघते मी." ही उठून दारापर्यंत गेली, तिला थांबवायला की दार उघडायला, कळेना. माझ्याकडे पाठ होती हिची.

"मी घालवली," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. कपाट, प्लास्टिक, गोळ्या, बाई काय म्हणाल्या, माळ्याची खिडकी, तांदूळ, नवीन चकती, कागद कसा वाळवला. कवळी सगळा वेळ कट्‌कट् वाजत होती, मी थांबलो नाही. फाटकाचंही सांगितलं. मी तुला पाहिलं होतं आणि आत गेलो, असं म्हणालो. एवढं सलग मी कधी बोललो असेन असं वाटत नाही. ही दारातच उभी होती.

मग ती म्हणाली, "कुठे आहे ती?"

आणून दिली. म्हणालो, लांबूनच बघ, फार वास येतो. तिने ती दोन्ही हातांत धरून नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. मला वाटलं, चिडली.

"इथेच फोडणार होतो आम्ही," ती चकतीतूनच बोलल्यासारखी बोलली. "माझ्या वाढदिवसाला, या टेबलावर. मी म्हटलं, अरे, काका परत पेपर उघडतील. तो म्हणाला, बोलणार नाहीत, पण पितील."

हिने डोळ्यांना पदर लावला. मी उठून पाणी पुन्हा उकळलं.

नवीन चकती कडेने टोचा घालून फोडली. पापुद्रा बरा सुटला. पहिलं पाणी फेकलं, दहा मोजले, तिघांना ओतलं. ती घोट घेऊन म्हणाली, "काका, हा तुम्ही निवडला? चांगला आहे की!" मीही घेतला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"गरम लागतोय ना नुसता?"

मी मान हलवली.

"काढून प्या. टाळू झाकलाय तुमचा. घरातलेच आहोत सगळे."

मी हिच्याकडे पाहिलं. ही दुसरीकडे बघून हसू दाबत होती. मी काढली. ठेवायला जागा सापडेना, तेव्हा तिने पहिलं पाणी फेकायचं भांडं विसळून पुढे केलं. तिने माझी कवळी भांड्यातून उचलली, उजेडाकडे धरून पाहिली, जसा मी एखादा जुना दस्तऐवज पाहीन तशी, आणि म्हणाली, "कुणी केली ही? दरोडा घातलाय नुसता." या वेळी ती हसली तर ही पण हसली. मीही हसलो असेन. आरशात पाहिलं नाही.

सात पाणी झाली. ती बोलत होती, ही विचारत होती. तो सकाळी किती वाजता उठायचा, भांडी कोण घासायचं, आजारी पडला तेव्हा काय खाल्लं. त्यातलं बरंच मला आधी माहीत नव्हतं. खरं तर काहीच माहीत नव्हतं. सगळं इथे लिहीत नाही, ते हिच्याजवळ राहू दे.

निघताना मी नवीन चकती नीट बांधून तिच्या पुढे केली. तिने घेतली नाही. जुनीच घेतली, काठ फुटलेली. मी परोपरीने सांगितलं की ती पिण्यासारखी नाही, कधीच होणार नाही. ती म्हणाली, "पिणार नाही काका." मग म्हणाली, "या गोळ्या कुठल्या? दोन देता का?"

"अगं, चहा आणखी बिघडेल."

"बिघडू दे. आणि स्वेटरला पण हव्यात. पूर्वी त्याच्या कपड्यांना यायचा तो वास, आता अगदी गेलाय."

लोकरीला कसर लवकर लागते हे खरं आहे. मी तिला सहा गोळ्या दिल्या, फडक्याच्या पुरचुंडीत कशा बांधायच्या, कोपऱ्यात कशा ठेवायच्या, सहा महिन्यांनी बदलायच्या, सगळं समजावून सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. ही मात्र मध्येच उठून आत निघून गेली, मुलगी जाईपर्यंत बाहेर आली नाही. का, ते कळलं नाही.

दारात ती म्हणाली, "पुढच्या रविवारी सकाळी माप घ्यायला येते. कवळी मी करणार."

"पण तू तर जाणार."

"एका मापात होत नाही काका. माप, मग मेण लावून बघायचं, मग चावा जुळवायचा, मग बसवायची. चार खेपा तरी होतात. सुटीला येत जाईन."

"फार लांबेल ना मग?" आतून हिचा आवाज आला.

मी म्हणालो, घाई नाही.

२४ तारीख, सोमवार

यादी काढून दुरुस्त केली. राखाडी स्वेटर: मिळाला, तिच्याकडे. एक चकती, काठ फुटलेली: तिच्याकडे. उरलेल्या चकत्या कपाटातून काढून उघड्या फळीवर ठेवल्या. उपयोग नाही हे माहीत आहे.

संध्याकाळी चहा केला. ही समोर बसली होती. पहिलं पाणी फेकायला भांडं सापडेना. त्यात कवळी होती.